रकान्यात न बसलेली ज्वारी

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या पुरानंतर शासकीय मदत मिळवण्याच्या ज्या प्रक्रियेतून आमचे घर गेले, तिच्याविषयी मी येथे लिहिते आहे. मी सोलापूर जिल्ह्यातील सीनाकाठच्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. पतीच्या निधनानंतर घरची अडीच एकर जमीन मी आणि सासूबाई मिळून कसतो. मदत किती जाहीर झाली, याची चर्चा त्या महिन्यांत पुष्कळ झाली. परंतु ती मदत शेतकऱ्याच्या घरातील जेवणापर्यंत कोणत्या वाटेने आणि कोणत्या महिन्यात पोहोचते, हे फारसे कोणी सांगितले नाही, आणि माझ्या मते प्रश्नाचे मर्म तेथेच आहे.

पूर आला तो ऐन घटस्थापनेच्या सुमारास. पाऊस आमच्याकडेही होताच, पण त्याहून अधिक तो वर अहिल्यानगर, जामखेड, भूम, परांडा या भागात कोसळला आणि ते सारे पाणी सीनेच्या पात्रातून खाली आले. लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद पडला, परांडा तालुक्यात अडकलेल्या लोकांना काढण्यासाठी हेलिकॉप्टर आणावे लागले, या बातम्या सर्वांनी वाचल्या आहेत. आमच्या गावात पाणी रात्री शिरले. आम्ही मुलांना आणि जनावरांना घेऊन गावठाणाच्या वरच्या अंगाला असलेल्या शाळेत गेलो आणि पाणी ओसरेपर्यंत तेथेच राहिलो.

परतल्यावर शेताकडे जाण्याआधी सासूबाईंनी कोठी उघडली. आमच्या घरात वर्षाला साधारण आठ पोती ज्वारी लागते. मार्चमध्ये काढलेली ज्वारी पुढच्या मार्चपर्यंत पुरवायची, हा या भागातला जुना हिशेब आहे, आणि त्या दिवशी कोठीत निम्म्याहून अधिक धान्य शिल्लक होते. पत्र्याच्या कोठीत खालून पाणी शिरले होते, वरचा थर कोरडा दिसत होता, पण हात कोपरापर्यंत घातला की आत ऊब लागत होती आणि आंबूस वास येत होता. घटातल्या मातीत उगवायचे धान्य कोठीत उगवले होते. दाण्यांना पांढरे मोड आले होते आणि ते एकमेकांत गुंतून त्यांचे ढेकूळ झाले होते. त्याच कोठीत, कडुनिंबाचा पाला घालून गाडग्यात राखून ठेवलेले मालदांडी या रब्बी ज्वारीच्या वाणाचे बियाणेही होते. तेही गेले. बाहेर कडब्याची गंज होती, तिचा वरचा भाग पाण्याने नेला होता आणि उरलेला काळा पडला होता. म्हणजे माणसाचे उरलेल्या वर्षाचे अन्न, जनावराची वर्षाची वैरण आणि पुढच्या पिकाचे बी, या तिन्ही गोष्टी एका रात्रीत संपल्या होत्या. शेतात अजून पाय ठेवायचा होता.

सुरुवातीच्या काही दिवसांत जी मदत आली ती धान्याची होती. शासनाकडून गहू, तांदूळ आणि तूरडाळ मिळाली, संस्थांकडून तेल, साखर, चादरी, बिस्किटे आणि जुन्या कपड्यांचे गठ्ठे आले. या मदतीविषयी मला कृतज्ञतेने बोलायचे आहे आणि तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे. आम्हाला गहू मिळाला तेव्हा गावची गिरणी गाळात होती, तिची मोटर जळाली होती आणि विजेचे खांब आडवे होते. गहू पोत्यात होता, परंतु त्याचे पीठ कोठेच होत नव्हते. ज्यांच्याकडे दुचाकी चालू स्थितीत होती ते दुसऱ्या गावाहून दळण आणत, बाकीच्यांच्या घरी दोन्ही वेळा भातच शिजे. पुढे एका मंडळाने थेट ज्वारीचे पीठ पाठवले, तेव्हा शाळेच्या आवारात बायकांनी चुली मांडून भाकरी थापल्या. पूरग्रस्त गावाला काय पाठवावे असे मला कोणी विचारले, तर मी पहिल्यांदा पीठ सांगेन, दुसऱ्यांदा जनावरांसाठी मुरघास, म्हणजे आंबवून टिकवलेला हिरवा चारा, सांगेन आणि जुने कपडे पाठवू नका असेही सांगेन. मुरघासाच्या पिशव्या पाठवणारे लोक बहुधा २०१९ च्या महापुरातून गेलेल्या सांगली-कोल्हापूरकडच्या गावांतले होते, आणि काय लागते हे त्यांना विचारावे लागत नव्हते.

त्यानंतर पंचनामे सुरू झाले. तलाठी भाऊसाहेब, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघे मिळून संयुक्त पंचनामा करतात. पिकाचे ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झाले असेल तरच ते मदतीस पात्र ठरते. आमच्याकडे हा आकडा मोजण्याची वेळच आली नाही. साठ आरांवरचे (शंभर आर म्हणजे एक हेक्टर) सोयाबीन शेंगा धरलेल्या अवस्थेत कुजले होते, बत्तीस आरांवरचा ऊस आडवा होऊन त्याच्या शेंड्यांत गाळ भरला होता, आणि नदीकडची आठ आर जमीन, म्हणजे जवळपास आठ गुंठे, मातीसकट वाहून खाली मुरूम उघडा पडला होता. ऑगस्टमध्ये मोबाईलवरून ई-पीक पाहणी, म्हणजे उभ्या पिकाची छायाचित्रासह नोंद, केलेली असल्याने सातबाऱ्यावर दोन्ही पिके दिसत होती आणि त्याविषयी वाद झाला नाही. ज्यांची पाहणी राहिली होती त्यांना शेतात उभे राहून पुन्हा छायाचित्रे काढून घ्यावी लागली. पाण्याने पीकच नेलेल्या रानात कोणत्या पिकाचे छायाचित्र काढायचे, हा त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता.

वाद झाला तो आठ गुंठ्यांवर. नदीकाठच्या जमिनीचे नुकसान दोन प्रकारचे असते आणि दोन्हींचे दर वेगळे असतात. शेतात गाळ किंवा वाळू साचली असेल तर ती काढण्यासाठी हेक्टरी १८,००० रुपये मिळत होते. जमीन खरडून किंवा वाहून गेली असेल तर अल्प व अत्यल्प भूधारकांना हेक्टरी ४७,००० रुपये मिळत होते. आमच्या तुकड्याच्या एका कोपऱ्यात वाळूचा थर होता आणि उरलेल्या भागात मुरूम उघडा पडला होता. पहिल्या नोंदीत संपूर्ण तुकडा गाळाखाली दाखवला गेला. मी कृषी सहायकांना पुन्हा बांधावर नेले, शेजारच्या न वाहिलेल्या रानाच्या कडेला उभे केले आणि दोन्ही जमिनींच्या पातळीतला फरक दाखवला. तो माझ्या गुडघ्याच्या वर होता. नोंद दुरुस्त झाली. हे काम पंचनामा चालू असतानाच करून घ्यावे लागते, कारण यादी वर गेली की प्रत्येक दुरुस्तीसाठी अर्ज, पोच आणि प्रतीक्षा हा क्रम सुरू होतो.

पंचनामा आटोपून मंडळी निघाली तेव्हा सासूबाईंनी विचारले, "भाऊसाहेब, कोठीतली जवारी कुठं लिव्हली?" ते थोडे थांबले आणि म्हणाले, "आजी, तिला रकाना नाही." त्या माणसाचा यात काही दोष नव्हता. त्याच्या कागदावर उभ्या पिकाला जागा होती, जमिनीला होती, जनावराला होती, घराच्या भिंतीला होती. दुभती गाय किंवा म्हैस दगावली तर ३७,५०० रुपये, शेळी-मेंढी दगावली तर ४,००० रुपये, असे दर ठरलेले होते. घरात पाणी शिरलेल्या कुटुंबांना कपडे आणि भांड्यांसाठी तातडीची रक्कमही मिळते. परंतु शेतकऱ्याने स्वतःच्या खाण्यासाठी राखून ठेवलेले धान्य आणि पेरणीसाठी राखलेले बी हे पीक नसते, कारण ते काढून झालेले असते, आणि भांडेही नसते. आमच्यासारख्या घरांत उपासमारीपासूनचे अंतर याच धान्याने ठरते, आणि नेमके तेच मोजणीच्या बाहेर राहते.

७ ऑक्टोबरला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. कोरडवाहू पिकासाठी हेक्टरी ८,५०० रुपये, हंगामी बागायतीसाठी १७,००० रुपये, फळबागेसारख्या बहुवार्षिक पिकासाठी २२,५०० रुपये, आणि या प्रत्येकावर रब्बीच्या बियाणे व खतांसाठी हेक्टरी १०,००० रुपये अधिक, तेही दोन ऐवजी तीन हेक्टरांपर्यंत, असे त्याचे सर्वसाधारण स्वरूप होते. खरडून गेलेल्या जमिनीसाठी ४७,००० रुपयांखेरीज रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाख रुपयांपर्यंतची कामे करून देण्याचेही जाहीर झाले. हेक्टरी आकडे कानाला मोठे वाटतात, म्हणून आमच्या गावातल्या पारावर लोक ते गुंठ्यावर आणून बोलत. कोरडवाहूला गुंठ्यामागे ८५ रुपये. खरडलेल्या जमिनीला गुंठ्यामागे ४७० रुपये. एका गुंठ्यावर फूटभर मातीचा थर पुन्हा द्यायचा म्हटले तर जवळपास ११ ब्रास, म्हणजे अकराशे घनफूट, माती लागते. ती कोणाच्या रानातून आणायची आणि तिच्या वाहतुकीचे भाडे ४७० रुपयांत कसे बसवायचे, हे गणित पारावर कोणालाच सुटले नाही. पीक विम्याचा आधारही या वर्षी पूर्वीसारखा नव्हता. एक रुपयात विमा देण्याची पद्धत खरीप २०२५ पासून बंद झाली होती, आणि स्थानिक आपत्तीची वेगळी भरपाई वगळून केवळ पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे परिसरातल्या नमुना शेतांतून मोजलेल्या उत्पादनावर, आधारलेला विमा उरला होता. त्यामुळे गावातल्या पुष्कळांनी तो उतरवलाच नव्हता.

रक्कम थेट खात्यात येणार होती, आणि ज्यांच्याकडे शेतकरी ओळख क्रमांक होता त्यांना ई-केवायसीची, म्हणजे सेवा केंद्रात अंगठा देऊन ओळख पटवण्याची, आवश्यकता नव्हती. आमचे घर या सुटसुटीत वाटेबाहेर पडले. जमीन पतीच्या नावावर होती आणि त्यांच्या पश्चात वारस नोंद रखडली होती. २०२५ च्या उन्हाळ्यात राज्यभर झालेल्या जिवंत सातबारा मोहिमेत ती एकदाची झाली आणि सातबाऱ्यावर सासूबाई, मी आणि माझी दोन अल्पवयीन मुले अशी चार नावे लागली. नोंद नवी असल्यामुळे ओळख क्रमांक निघालेला नव्हता, आणि खाते सामायिक असल्यामुळे रक्कम कोणाच्या नावे जावी हे ठरवणे भाग होते. त्यासाठी सासूबाईंचे संमतीपत्र, मुलांची पालक म्हणून माझे हमीपत्र, सर्वांची आधार कार्डे आणि वारस नोंदीच्या फेरफाराची नक्कल असा संच दाखल करावा लागला. एवढे कागद त्या दिवसांत आमच्याकडे कोरडे शिल्लक होते ते केवळ एका कारणाने. मी ते अंगणवाडीच्या नोंदवह्यांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाणी चढताना शाळेत नेले होते. शेजारच्या एका घरी कागदांचा लगदा झाला होता आणि त्यांना फेरफारापासून सुरुवात करावी लागली. ती मोहीम उन्हाळ्यात झाली नसती, तर आमची रक्कम मृत खातेदाराच्या नावे अडकून पडली असती, हे मला नमूद केले पाहिजे. सरकारी कामातली एखादी साधी मोहीम वेळेवर झाली की तिचा उपयोग अशा अनपेक्षित जागी होतो.

यादी ग्रामपंचायतीत लागली. तिच्यात माझ्या नावापुढे विशिष्ट क्रमांक होता आणि तो घेऊन सेवा केंद्रात अंगठा द्यायचा होता. केंद्रासमोर सकाळपासून रांग असे, मध्येच सर्व्हर बंद पडे आणि माणसे सावलीला बसून राहत. आत गेल्यावर निराळीच अडचण. घरातला आणि गोठ्यातला गाळ फावड्याने आणि हाताने उपसून गावातल्या बहुतेकांच्या बोटांची साल गेली होती, आणि यंत्रावर ठसा उमटत नव्हता. केंद्रचालक प्रत्येकाला हात धुवायला सांगे, तेल लावायला सांगे, दुसरे बोट ठेवायला सांगे. एक वयस्कर गृहस्थ दहाही बोटे लावून झाल्यावर त्याला म्हणाले, "बाबा, आता पायाची लावू का?" सगळी रांग हसली, तोही हसला. माझा ठसा अखेर दुसऱ्या गावच्या केंद्रातील यंत्रावर उमटला.

पैसे आले ते दिवाळीनंतर. सोयाबीनचे ५,१०० आणि उसाचे ५,४४० मिळून १०,५४० रुपये माझ्या अंगणवाडीच्या मानधनाच्या खात्यात जमा झाले. आधार ज्या खात्याशी जोडलेले असते तेथेच रक्कम जाते, ही गोष्ट ठाऊक नसल्याने काही जण सोसायटीच्या खात्यात चौकशी करत राहिले आणि पैसे भलत्याच बँकेतल्या जुन्या खात्यात पडून होते. रब्बीचे हेक्टरी १०,००० रुपये त्यानंतर वेगळे आले, आणि ज्या कामासाठी ते होते त्याविषयी आता सविस्तर सांगितले पाहिजे.

रब्बी ज्वारीची पेरणी या भागात साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात होते. पुढे जमिनीतली ओल हटत जाते, थंडी वाढते आणि उतारा घटतो. पुराने भिजलेल्या काळ्या रानाला वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, यायलाच ऑक्टोबर निम्मा उलटला, आणि माळाकडच्या, पाणी लवकर निथळणाऱ्या तुकड्यात मात्र तो कोजागरीनंतर लगेच आला. म्हणजे पेरणीची वेळ आली तेव्हा अंगठा द्यायची रांग सुरूही झालेली नव्हती, आणि बियाण्यासाठीची रक्कम खात्यात आली तेव्हा ज्वारी पेरण्याची वेळ निघून गेली होती. हा दोन-तीन आठवड्यांचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. शेतकऱ्याच्या घरात तो पुढच्या संपूर्ण वर्षाचा असतो, कारण ज्वारी हुकली की माणसाची भाकरी आणि जनावराचा कडबा दोन्ही विकत घ्यावे लागतात, आणि पूर आलेल्या वर्षी कडब्याचा भाव विचारण्यासारखाही नसतो.

आमची ज्वारी पेरली गेली ती माहेरामुळे. माझा भाऊ मंगळवेढा तालुक्यात आहे, आणि तेथल्या ज्वारीची ख्याती भौगोलिक मानांकनापर्यंत पोहोचलेली आहे. दादाने घरची निवडलेली मालदांडी एसटीच्या गाडीतून पाठवली. एकराला चार किलो बियाणे लागते, म्हणजे पैशांत पाहिले तर ही मदत कोणत्याही यादीत दिसणार नाही इतकी लहान होती. माळाकडच्या एक एकरात पेरणीची पाभर चालली. उरलेले बी आम्ही शेजारच्या दोन घरांना दिले. खालच्या काळ्या रानात वापसा आल्यावर नोव्हेंबरमध्ये हरभरा घेतला. अनुदानावरच्या हरभऱ्याच्या बियाण्यासाठी महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावर अर्ज केला होता, पण त्याची वाट न पाहता कृषी सेवा केंद्रातून उधारीवर पिशव्या आणल्या आणि रब्बीचे पैसे आल्यावर ती उधारी फेडली. गावातल्या बहुतेकांनी हेच केले. शासनाची रक्कम पेरणीला उपयोगी पडली ती दुकानदाराने धीर धरला म्हणून, आणि ज्याच्यावर आधीचीच बाकी होती त्याला दुकानदाराने पिशवी दिली नाही. त्याचे रान पडीक राहिले. त्याच्या खात्यातही १०,००० रुपयांच्या दराने रक्कम जमा झाली, आणि ती किराण्यात गेली.

तरीही रोख रकमेला माझा विरोध नाही. रोख रक्कम हवीच, कारण प्रत्येक घराची गरज निराळी असते आणि ती घरालाच ठाऊक असते. परंतु पंचनाम्याच्या पहिल्याच फेरीत, नुकसानीचा हिशेब पूर्ण होण्याची वाट न पाहता, गावागावांत चार-चार किलो ज्वारीचे बियाणे वाटणे अशक्य होते असे मला वाटत नाही. अन्नाचे संच जसे अंगठ्याशिवाय, केवळ शिधापत्रिका पाहून वाटले गेले, तसे बियाणेही वाटता आले असते. गाव पाण्याखाली गेले आहे हे सर्वांना दिसत होते. कोणाचे सोयाबीन किती टक्के गेले हे ठरवण्याचा आणि कोणाला चार किलो बी द्यायचे हे ठरवण्याचा एकमेकांशी काही संबंध नव्हता.

हे लिहिते आहे तेव्हा माळाकडच्या ज्वारीची कणसे भरली आहेत. पिकाच्या उंचीत नेहमीचा जोम नाही, तरी घरी खाण्यासाठी तीन-चार पोती आणि एका जनावराला पुरेल इतका कडबा निघेल असा सासूबाईंचा अंदाज आहे. बाकीचे धान्य विकत घ्यावे लागेल. हरभरा बरा आहे. उसाचे काही खरे नाही. खरडलेल्या आठ गुंठ्यांचे ३,७६० रुपये जमा झाले आहेत, आणि रोजगार हमीतून माती भरण्यासाठीचा अर्ज ग्रामपंचायतीत दिलेला आहे. त्या कामाला माती कोठून उचलायची याचा निर्णय झालेला नाही, आणि पावसाळ्याआधी तो झाला नाही तर वाहून गेलेल्या कडेने पाणी पुन्हा आत शिरून शेजारचे रानही कातरेल, हे मी अर्जात छायाचित्रासह लिहून दिले आहे. शेतकरी ओळख क्रमांकाची नोंदणी मी दरम्यान पूर्ण करून घेतली. ज्वारीची काढणी झाली की बियाण्यापुरती कणसे वेगळी खुडून त्यांतले निम्मे बी आमच्या घरी आणि निम्मे दादाकडे मंगळवेढ्याला ठेवायचे, असे आम्ही ठरवले आहे.